टोप्या कुठे ठेवतेस?

सोमवार, ६ जानेवारी

भिंगरे,

आणि वर लाल चिठ्ठी! एक नाही, अकरा! चोवीस मॉड्यूलं वर डोंगरावर पाठवली, त्यातली अकरा परत, आणि प्रत्येकाच्या अंगावर लाल चिठ्ठी: "तोंडात कचरा आढळला." खाली तुझी सही. सही कसली, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलीय. पण मी ओळखली, कारण पहिलीत तुझा हात धरून तुझं नाव मीच गिरवून घेतलं होतं. आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

कचरा? माझ्या टेबलावरच्या मालात?

तू इंजिनीअर, तुला मी काय शिकवणार. पण आज शिकवणार आहे, गप बसून वाच. तुमचं ते राउटर म्हणजे मोठा चौक. त्यात सरकवायचं कार्ड म्हणजे चौकातून फुटणारे रस्ते. आणि कार्डात बसणारं अंगठ्याएवढं मॉड्यूल म्हणजे रस्त्याचं तोंड. त्या तोंडात काचेची तार जाते आणि तारेतून उजेड पळतो. साहेब म्हणतात, एका तोंडातून डोळ्याची पापणी लवायच्या आत सबंध ग्रंथालय निघून जातं. असेल. मला एवढंच ठाऊक की त्या तोंडातली काच केसाहून बारीक असते आणि तिच्यावर धुळीचा एक कण बसला तरी सगळी गर्दी तिथेच तुंबते.

म्हणून तर मला बसवलंय. रोज तीनशे तोंडं भिंगाखाली धरते. पडद्यावर पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल दिसतं. चंद्रावर डाग दिसला की काच पुसायचं पेन लावते, टिक करते, पुन्हा बघते. डाग जाईपर्यंत मी सोडत नाही. मग रबराची टोपी घालते, आणि मगच ते पुढे जातं. डोक्याला जाळी, अंगाला बिनखिशाचा डगला, लोकरीचं काही आत न्यायला बंदी. थंडीत कुडकुडते पण स्वेटर बाहेर खुंटीला ठेवून येते. डब्याच्या सुट्टीत विणायला बसते तीसुद्धा पार फाटकापाशी, आणि परत येताना कोपरापर्यंत हात धुते.

आता ऐक. शुक्रवारी चष्मेवाल्या साहेबांनी सगळ्यांसमोर ती अकरा मॉड्यूलं माझ्या टेबलावर मांडली. म्हणाले, "बाई, पंधरा दिवस देतो. कचरा कुठून आला ते दाखवा. नाही दाखवलात तर भिंगावर दुसरं कुणी बसेल, तुम्ही परत खोक्यांच्या खोलीत." खोक्यांच्या खोलीत, भिंगरे! नऊ वर्षं मी तिथे खोक्यांना पट्ट्या चिकटवल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईची नजर बरी आहे. चौथी पास बाईला यंत्रावर बसवलं म्हणून किती जणांनी नाकं मुरडली. सहा वर्षं झाली, एक चिठ्ठी माझ्या नावावर नव्हती. आली तीही कुणाच्या हातची? जिला मी अंगाखांद्यावर खेळवली तिच्या.

तिकडे थंडी फार म्हणून डिसेंबरभर बसून तुला जांभळा स्वेटर विणला. दोन मोठे खिसे लावले, कारण तुझ्या हातात काही टिकत नाही. घालतेस का तो, की तोही चिठ्ठी लावून परत पाठवणार आहेस?

फोन करू नकोस. तुमच्या डोंगरावरून तुझा आवाज अर्धा येतो आणि आमचे फोन दिवसभर कपाटात असतात. सोमवारची गाडी वर येते, गुरुवारची खाली जाते. पत्र गाडीवाल्याच्या हातात दे. खोक्यात घालू नकोस, कागदाला धूळ असते.

आशीर्वाद थोडे उरलेत. घे.

तुझी मावशी


गुरुवार, ९ जानेवारी

रागावलेल्या मावशीस कोंबडीचा नमस्कार,

गाडीवाल्यांनी पत्र दिलं ते दोन बोटांत, लांब धरून. म्हणाले, "ताई, हे गरम आहे." मी दारातच उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले.

मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. चिठ्ठी लावायची म्हणजे लावायची, असा नियम आहे. माल कारखान्यात परत जातो, तिथे कुणीतरी बघतं. ते "कुणीतरी" तू असशील हे डोक्यातच आलं नाही. तू मला "भिंगाचं काम" सांगायचीस, मी समजायचे चष्म्याची भिंगं! सहा वर्षं समजतेय. हस आता.

पण कामाचं काम. कचरा होता गं. माझ्याकडे हातात धरायचं लहान भिंग आहे, त्यातून स्वतः पाहिलं. चंद्रावर आडवा धागा. एकात नाही, अकरांत.

झालं असं. चोवीस मॉड्यूलं आली त्या दिवशी मी प्रत्येकाची टोपी काढून मापक लावला. सगळ्यांतून उजेड येत होता. मापक उजेड आहे की नाही एवढंच सांगतो, काच स्वच्छ आहे की नाही ते नाही. मग टोप्या परत लावल्या, कारण तारा ओढायचं काम बाकी होतं. दोन दिवसांनी तारा आल्या. आमच्याकडचे तारा ओढणारे शिडीवाले काका आहेत, वय साठ, शिडीवर चढले की वीस. त्यांनी तारा लावल्या आणि मी कार्ड चालू केलं. तेरा दिवे हिरवे, अकरा तांबडे.

इथे एक गोष्ट तुला सांगते, आईला सांगू नकोस. पंचवीस तारखेला हे केंद्र सुरू व्हायचंय. खालच्या आठ गावांचे फोन, दवाखाना, शाळा सगळं या एका राउटरवर येणार आहे. आणि एकतीसला माझे परीक्षेचे सहा महिने संपतात. या केंद्राचा दिवा हिरवा झाला तर मी कायम, नाहीतर घरी. म्हणून मीही जरा चिडून चिठ्ठ्या लावल्या असतील. सही तशी म्हणूनच आली. (नाही, ती नेहमीच तशी येते.)

तुझ्या साहेबांना मी काय लिहू सांग. तू म्हणशील ते लिहिते.

स्वेटर रोज घालते. तो नसता तर मी इथे गोठून राउटरशेजारी उभी राहिले असते आणि लोकांनी मलाही तार लावली असती.

तुझी भिंगरी


सोमवार, १३ जानेवारी

भिंगरे,

चष्म्याची भिंगं! सहा वर्षं! मी चष्म्याच्या दुकानात बसते असं सांगत फिरलीस की काय लोकांना? तुझ्या आईला वाचून दाखवलं, तिला हसून हसून ठसका लागला. परीक्षेचं तेवढं गाळलं. मला वाचता वाचता गाळता येतं, पत्र वाचायला मीच असते ना.

आता कामाचं. साहेबांना काही लिहू नकोस. अजिबात नको. मी बघते काय ते.

तुझं पत्र वाचून मी ती अकरा पुन्हा भिंगाखाली घेतली. धागा होता, तुझं खरं आहे. तुला खोटं ठरवायला बसले होते, तर चंद्रावर धागा. कापसाचा नाही, कागदाचाही नाही. मग टोप्या उलट्या करून बघितल्या. आजवर टोपीच्या आत कुणी बघतं का? कुणी नाही. टोपी म्हणजे झाकण, ती स्वच्छच असणार असं आपण धरून चालतो. एका टोपीत तर बारीक गुंताच होता. चिकटपट्टीवर उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. उलटासुलटा करून तीनदा बघितला. शेजारची जाडी विचारते, "काय गं, भूत दिसलं?" म्हटलं, "तुझं काम कर."

काय दिसलं ते आता विचारू नकोस.

मी विचारते त्याचं उत्तर दे, लांबण लावू नकोस. टोपी काढलीस की ती कुठे ठेवतेस? टेबलावर? डब्यात? नेमकं लिही. गप्पा नकोत.

आणि तो स्वेटर घालणं बंद कर. दुसरं काहीतरी घाल. तो मला नीट जमला नव्हता, एक बाही आखूड आहे.

साहेब रोज माझ्याकडे बघतात आणि घड्याळाकडे बघतात. बघू देत. त्यांनाही चिकटपट्टी दाखवावी लागली, तो नियमच आहे, सापडलेलं लपवता येत नाही. त्यांनी ती डोळ्याजवळ धरली, मग माझ्याकडे बघितलं, मग फाटकाकडे.

तू जेवतेस ना वेळेवर? डोंगरावर भूक जास्त लागते म्हणतात.

मावशी


गुरुवार, १६ जानेवारी

मावशी,

दोन्ही बाह्या मोजल्या. शिडीवाल्या काकांनी फीत धरली. सारख्या आहेत, एक बोटभर फरक नाही. तू विणलेल्या कशाची बाही आखूड निघाली असं आजवर झालंय का? तू चिडली आहेस आणि स्वेटरवर काढते आहेस. घालू नको म्हणजे काय? दिलेलं परत घेतात का? लहानपणी मी सांगितलेलं ऐकलं नाही की तू माझी बाहुली कपाटावर ठेवायचीस, तसं चाललंय हे. स्वेटर मी काढणार नाही. वाटलं तर ये आणि काढून ने.

तू विचारलंस त्याचं उत्तर, बिनगप्पांचं: टोप्या खिशात ठेवते. तुझ्याच स्वेटरच्या. टेबलावर ठेवल्या की घरंगळतात, इथली जमीन उतरती आहे, एकदा टोपी गेली की राउटरच्या कपाटाखाली कायमची. तुझे खिसे म्हणजे खिसे नाहीत, पोती आहेत! चोवीस टोप्या मावतात, वर पेन्सिल आणि रुमालही. डाव्या खिशात चांगल्या मॉड्यूलांच्या टोप्या, उजव्यात संशय असलेल्यांच्या. काकासुद्धा म्हणतात, "तुमच्या मावशींनी हत्यारांची पेटीच अंगावर विणून दिलीय."

झाल्या गप्पा. सवय जात नाही.

आता माझं ऐक. पंचवीस तारखेला नऊ दिवस उरलेत आणि माझे अकरा रस्ते बंद आहेत. वरचे साहेब काल येऊन गेले. कपाटासमोर उभे राहून तांबडे दिवे मोजले, दोनदा, मोठ्यानं. मी म्हटलं, "सोमवारी माल येतोय." त्यांनी विचारलं, "आणि त्यातही कचरा असला तर?" मी म्हटलं, "नसेल. तिथे माझी मावशी बसते." चिडून का होईना, मी हे म्हटलं हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

मॉड्यूलं पाठव.

भिंगरी


सोमवार, २० जानेवारी

भिंगरे,

खिशात. मला वाटलंच होतं. पण माणसाला वाटतं, आपलं वाटणं एकदा तरी खोटं निघावं.

अगं वेडे, चिकटपट्टीवरचा धागा जांभळा होता. माझ्या लोकरीचा. तो रंग मी तीन दुकानं पालथी घालून शोधला होता, मी तो कुठेही ओळखीन. पहिल्या दिवशी टोप्या काढल्यास, खिशात टाकल्यास, त्यांत लोकर गेली. त्या परत तोंडांवर बसवल्यास, लोकर काचेवर गेली. कचरा माझ्या टेबलावरून नाही गेला. पण माझ्या सुयांवरून गेला! आहे की नाही गंमत? सहा वर्षं लोकरीला दाराबाहेर ठेवते आणि स्वतःच्या हातानं दोन पोती भरून डोंगरावर पाठवते. खिसे मोठे हवेत असा हट्ट कुणाचा? माझाच.

तेव्हा तुझी चूक म्हणून डोक्यात घेऊ नकोस, आणि कुणाला बोलूही नकोस. शपथ आहे. तुझे सहा महिने संपायला अकरा दिवस राहिलेत. या दिवसांत कागदावर तुझ्या नावापुढे काहीही यायला नको. कळलं?

आता कर काय ते सांगते. झाकणाचा पत्र्याचा डबा घे. आतून पुसून काढ, कापडानं नाही, आमच्या पाकिटातल्या ओल्या कागदानं, दोन डझन पाठवलेत, सोबत एक पुसायचं पेनही. टोपी काढली की डब्यात, डबा बंद. खिशात हात घालायचाच नाही. स्वेटर काढून बाहेर खुंटीला लाव आणि अंगात दुसरं घाल. तोंडात फुंकर मारू नकोस, मारत असशील तर थोबाडीत देईन. फुंकरेतून थुंकी उडते. तार लावण्याआधी पेन, टिक, भिंग. डाग दिसला तर पुन्हा. कंटाळा आला तर मला आठव.

अकराही मॉड्यूलं सोबत आहेत. मी स्वतः केली, एकेक चार वेळा बघितली. टोप्या नव्या घातल्या, त्याही आतून बघून. कोरा चंद्र आहे प्रत्येकावर. एवढं चांगलं काम मी कधी केलं नसेल.

एक सांगायचं राहिलं, तसं काही मोठं नाही. मी आजपासून खोक्यांच्या खोलीत आहे. माझे गुडघे दुखतात म्हणून मीच मागून घेतलं. तिथे खिडकी मोठी आहे, बायका बोलक्या आहेत, दिवस कसा जातो कळत नाही. भिंगावर बसून मान धरायची ती आता मोकळी झाली. उगाच काही मनात आणू नकोस.

दिवे हिरवे झाले की कळव.

मावशी


गुरुवार, २३ जानेवारी

मावशी,

खोटं बोलायचं तर नीट बोलत जा.

भिंगाचं टेबल बसायचं काम. खोक्यांच्या खोलीत आठ तास उभं राहायचं, हे तूच मला शंभर वेळा सांगितलंयस. गुडघे दुखणारी बाई बसायचं काम सोडून उभं राहायचं मागून घेते? आणि मोठी खिडकी? "खिडकी नसलेलं बीळ" म्हणायचीस तू त्या खोलीला. मी गाडीवाल्यांना धरलं. ते आधी म्हणाले मला काही माहीत नाही, मग त्यांना गरम दूध दिलं, मग सगळं माहीत निघालं. साहेबांनी जांभळा धागा बघितला. डब्याच्या सुट्टीत फाटकापाशी जांभळं विणणारी बाई सगळ्या कारखान्याला ठाऊक. त्यांनी विचारलं, "बाई, ही लोकर तुमची?" आणि तू म्हणालीस, "हो, माझीच." एवढंच. पुढचं एक अक्षर नाही. खोटंही नाही आणि खरंही नाही! चौथीपर्यंत शिकून ही वकिली कुठून आली?

माझे सहा महिने वाचवायला तू सहा वर्षं देऊन बसलीस. शपथ घालतेस आणि वर. शपथ मोडली. ऐक कशी मोडली ते.

सोमवारी दुपारी मॉड्यूलं उघडली. स्वेटर बाहेर खुंटीला, अंगात काकांचा जुना रेनकोट. घोट्यापर्यंत येतो, मी चालते की तंबू चालतो. पत्र्याचा डबा काकांनी दिला, त्यांच्या खिळ्यांचा होता, उकळत्या पाण्यानं धुतला आणि वाळवून मग तुझ्या ओल्या कागदानं पुसला. एकेक टोपी डब्यात. पेन, टिक, भिंग. खरंच कोरा चंद्र गं! अकराच्या अकरा. मी तार लावायच्या आधी दर वेळी "मावशी" म्हणायचे, काका म्हणाले हा कुठला मंत्र? चौथ्या मॉड्यूलपासून तेही म्हणायला लागले. साठीचा माणूस शिडीवरून "मावशी" ओरडतोय आणि खाली एकेक दिवा हिरवा होतोय. अकराव्याला मी डोळे मिटले होते. काकांनी वरूनच सांगितलं, "उघडा, झाली तुमची बाग."

चोवीस दिवे. सगळे हिरवे. मी रेनकोटात नाचले, काका शिडीवर नाचले, शिडी पडता पडता राहिली.

मग बसले आणि दोन कागद लिहिले. एक माझ्या वरच्या साहेबांना, एक तुझ्या चष्मेवाल्यांना. दोन्हींत तेच: कारखान्यातून माल स्वच्छ आला. टोप्या मी लोकरीच्या खिशात ठेवल्या. अकरा चिठ्ठ्या मी मागे घेते. कचरा कुठून आला ते शोधून काढलं तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी, माझ्याकडच्या कुठल्या यंत्रानं नाही. माझी चूक, माझी सही. सही या वेळी नीट केली, हवं तर साहेबांकडून मागून बघ.

काढायचं तर काढू देत मला. मी दुसरीकडे जाईन, वय आहे. तुझ्यासारखी नजर दुसरीकडे मिळत नाही.

शनिवारी अकरा वाजता नव्या मार्गावरून पहिला फोन लावायचाय. कुणाला ते मी ठरवायचं आहे. साहेबांच्या टेबलावरच्या फोनजवळ उभी राहा. गुडघे दुखत असले तर खुर्ची घे.

भिंगरी


सोमवार, २७ जानेवारी

अतिशहाण्या भिंगरे,

शपथ मोडलीस, मोठ्या माणसाला खोटारडी म्हणालीस, आणि माझं गुपित दुधाच्या एका पेल्यावर विकत घेतलंस. तुझी बाहुली मी कपाटावर ठेवायचे तेच बरोबर होतं.

शनिवारी फोनवर काही बोलता आलं नाही म्हणून लिहिते. साहेबांनी पावणेअकराला बोलावलं. अख्खा विभाग गोळा झालेला, जाडी सर्वांत पुढे. घंटी वाजली, साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. तू म्हणालीस, "मावशी, ऐकू येतंय?" आणि अगं, इतकं स्वच्छ! तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. शेजारी उभी राहून बोलत होतीस जशी. मी म्हटलं, "येतंय." तू म्हणालीस, "मलाही येतंय." मग मी म्हटलं, "येतंय." असं आपण सहा वेळा केलं. जाडी मोजत होती. एवढा शंभर गिगाचा रस्ता बांधला आणि त्यावरून दोन बायकांनी "येतंय, येतंय" पाठवलं. पण मला एकच दिसत होतं, माझ्या त्या चंद्रातून तुझा आवाज येतोय. फोन ठेवल्यावर डोळ्यात काहीतरी गेलं. धूळ असेल. हसू नकोस.

साहेबांनी तुझा कागद शुक्रवारीच सगळ्यांसमोर वाचला होता. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला म्हणाले, "बाई, विचारलं तेव्हा पुढचं का नाही बोललात?" म्हटलं, "तुम्ही पुढचं विचारलं नाहीत." जाडीला हसू फुटलं, मग त्यांनाही. मी भिंगावर परत आले, आजच बसले. खुर्चीला जाडीनं माझी उंची आठवणीनं लावून ठेवली होती. नवा नियमही निघाला: टोप्या आतून बघायच्या, आणि प्रत्येक खोक्यात झाकणाची एक डबी जायची. डबी मी निवडली.

आणि तुझे वरचे साहेब "एवढी प्रामाणिक मुलगी सोडायची नाही" म्हणाले, हे तू मला लिहिलं नाहीस, गाडीवाल्यानं सांगितलं. दूध मलाही पाजता येतं. कायम झालीस ना? मग आईला तू स्वतः सांग, मी आता काही गाळणार नाही.

आता खरं काम. पाच फेब्रुवारीला बुधवारी सगळ्या केंद्रांवरची बारा माणसं इथे येणार आहेत. टोपी कशी काढायची, कुठे ठेवायची, काच कशी पुसायची, हे त्यांना शिकवायचं. शिकवणार कोण? मी. साहेबांनी फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलं. भिंगरे, बाराच्या बारा तुझ्यासारखी शिकलेली. मी कुणाला घाबरत नाही हे तुला माहीत आहे. पण चार दिवस झाले, डबा संपत नाही. चौथी पास बाई उभी राहून बोलणार आणि ती वहीत लिहून घेणार. मी पहिलं वाक्य काय म्हणू? तोंड उघडलं आणि काही निघालंच नाही तर?

मला पुढच्या खुर्चीवर तू हवीस. जांभळा स्वेटर घालून ये. तुला दारातच थांबवीन, आत येऊ देणार नाही. मग सगळ्यांसमोर तुझ्या खिशात हात घालीन, एक टोपी काढीन, भिंगाखाली धरीन आणि पडद्यावर लोकर दाखवीन. तिथून माझं बोलणं आपोआप सुरू होईल, मला माहीत आहे, तुला ओरडताना मी कधी अडखळले नाही. मग स्वेटर खुंटीला आणि तू पुढच्या खुर्चीवर. शिडीवाल्या काकांनाही आण, मंत्र म्हणायला कुणीतरी हवं.

येतेस की नाही? फोनवर सांगू नकोस. फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि विसरतेस. कागदावर लिही, खाली सही कर, कोंबडीची चालेल. गुरुवारच्या गाडीनं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. गुरुवार म्हणजे गुरुवार.

आशीर्वाद या वेळी भरपूर उरलेत. सगळे पाठवते.

तुझी मावशी